पॉलिव्हिनाइल क्लोराइड (पीव्हीसी) : घडण, गुणधर्म आणि उपयोग

बीजसंज्ञा : बहुवारिक, व्हिनाइल क्लोराइड, स्थिरीकारक, प्लॅस्टिकीकारक, जलवाहिनी, शिसे, पुनर्वापर

प्रस्तावना

‘प्लॅस्टिक’ हा शब्द आपण एकवचनी वापरतो. पर्यावरण दिनाच्या व्याख्यानात, निबंधस्पर्धेत आणि अनेकदा वर्गातही प्लॅस्टिक हा जणू एकच पदार्थ आहे असे गृहीत धरले जाते. वास्तविक दुधाची पिशवी, पाण्याची बाटली, विजेच्या तारेचे आवरण आणि शेतातील पाइप यांमागे एकच नव्हे, तर वेगवेगळे पदार्थ असून त्यांची रासायनिक घडण, आयुष्य आणि अपायही वेगळे आहेत. प्रस्तुत लेखात त्यांपैकी एका पदार्थाचा, पॉलिव्हिनाइल क्लोराइड म्हणजेच पीव्हीसीचा, परिचय करून देण्याचा प्रयत्न केला आहे. जगातील एकूण उत्पादनाचा विचार करता पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन यांच्या खालोखाल पीव्हीसीचा क्रमांक लागतो. भारतात तर या पदार्थाचा दोन तृतीयांशाहून अधिक वाटा पाइप आणि जोडसाहित्य यांसाठी खर्च होतो. महाराष्ट्रातील विहीर, शेत आणि पाण्याची टाकी यांना जोडणारा दुवा आज प्रामुख्याने पीव्हीसीचा आहे. म्हणून रसायनशास्त्राबाहेरील अध्यापकांनाही हा विषय परका वाटू नये.

शोधाचा इतिहास

फ्रेंच शास्त्रज्ञ आंरी व्हिक्टर रेन्यो यांनी १८३५ साली व्हिनाइल क्लोराइड हा वायू प्रथम तयार केला. १८७२ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑयगेन बाउमान यांना असे आढळले की, बंद नळीतील हे द्रव्य सूर्यप्रकाशात ठेवल्यास त्याची पांढरी भुकटी बनते. ही भुकटी कशातही सहज विरघळत नव्हती आणि तापवली असता वितळण्याऐवजी काळी पडत होती. पुढे १९१३ साली फ्रिट्झ क्लाट्टे यांनी जर्मनीत तिच्या निर्मितीचे एकस्व घेतले. त्यामागे एक आर्थिक कारण होते. ॲसिटिलीनच्या दिव्यांची जागा विजेचे दिवे घेऊ लागल्याने ॲसिटिलीनसाठी नवा उपयोग शोधणे भाग होते. तथापि, तयार झालेल्या पदार्थाला आकार कसा द्यावा हे न उमगल्याने कंपनीने ते एकस्व सोडून दिले.

ही कोंडी फुटली ती अमेरिकेत. बी. एफ. गुडरिच या रबर कंपनीतील वाल्डो सेमन हे १९२६ साली रबर धातूला चिकटविण्यासाठी योग्य द्रव्य शोधत होते. त्यांनी पीव्हीसी उच्च उत्कलनबिंदूच्या द्रावकात तापवले, तेव्हा त्यांना चिकटद्रव्य मिळाले नाही. थंड झाल्यावर लवचीक, रबरासारखा पदार्थ मात्र हाती आला. निरुपयोगी ठरलेली भुकटी दुसऱ्या द्रव्याच्या संगतीने उपयोगी झाली. पीव्हीसीचे पुढील सर्व गुण आणि दोषही या ‘संगती’शी निगडित आहेत, हे पुढे स्पष्ट होईल.

मीठ आणि इथिलीन

व्हिनाइल क्लोराइडच्या रेणूत कार्बनचे दोन, हायड्रोजनचे तीन आणि क्लोरीनचा एक अणू असतो. त्याचे रेणुभार ६२.५ असून त्यात क्लोरीनचा वाटा ३५.५ आहे. म्हणजे पीव्हीसीच्या वजनापैकी सुमारे ५७ टक्के भाग क्लोरीनचा असतो. हा क्लोरीन मिठाच्या पाण्याचे विद्युत् अपघटन करून मिळवतात. म्हणजे निम्म्याहून अधिक पीव्हीसी मिठागरातून येते आणि उरलेला भाग खनिज तेलापासून किंवा नैसर्गिक वायूपासून मिळणाऱ्या इथिलीनमधून. इतर बहुतेक प्लॅस्टिके जवळजवळ संपूर्णपणे तेलावर अवलंबून असतात, हे लक्षात घेता पीव्हीसी तुलनेने स्वस्त का, याचा काही उलगडा होतो. चीनमध्ये मात्र बराच भाग कोळशापासून कॅल्शियम कार्बाइड, त्यापासून ॲसिटिलीन आणि पाऱ्याच्या उत्प्रेरकाच्या साहाय्याने व्हिनाइल क्लोराइड अशा जुन्या मार्गाने तयार होतो. पाऱ्याच्या प्रदूषणाच्या दृष्टीने हा मार्ग चिंताजनक मानला जातो.

बहुवारिकीकरण मुख्यतः पाण्यात होते. दाबाखाली द्रवरूप केलेले व्हिनाइल क्लोराइड पाण्यात घुसळून त्याचे सूक्ष्म थेंब करतात आणि ते एकमेकांत मिसळू नयेत म्हणून निलंबक द्रव्य घालतात. साधारण ५० ते ७० अंश सेल्सिअस तापमानाला प्रत्येक थेंबाच्या आत रेणूंची साखळी वाढू लागते. तापमान जितके कमी, तितकी साखळी लांब. साखळीच्या लांबीचे माप व्यवहारात ‘के-मूल्य’ या आकड्याने सांगतात. पाइपांसाठी साधारण ६७ के-मूल्याची, तर साच्यात ओतून बनविण्याच्या जोडसाहित्यासाठी ५७ च्या आसपासची भुकटी वापरतात. ६७ के-मूल्याच्या साखळीत सुमारे एक हजार एकके असतात.

महाराष्ट्रात रत्नागिरीजवळच्या किनाऱ्यावर फिनोलेक्स कंपनीचा पीव्हीसीचा कारखाना १९९० च्या दशकापासून आहे. कच्चा माल जहाजाने उतरवून घेता यावा, हे समुद्रकिनारा निवडण्यामागील कारण उघड आहे. देशातील एकूण मागणी मात्र देशी उत्पादनापेक्षा पुष्कळ अधिक असून निम्म्याहून अधिक पीव्हीसी आयात करावे लागते.

क्लोरीनचे कार्य

पॉलिथिलीनच्या साखळीतील एकाआड एक कार्बनवरील एका हायड्रोजनच्या जागी क्लोरीन बसविला, की पीव्हीसीची साखळी मिळते. कागदावर हा बदल लहान दिसतो, परंतु परिणाम दूरगामी आहेत. क्लोरीनचा अणू आकाराने मोठा आणि विद्युत्‌दृष्ट्या ध्रुवीय असल्याने शेजारशेजारच्या साखळ्या एकमेकींना ओढून धरतात. परिणामी पदार्थ ताठ व भक्कम होतो. क्लोरीनचे अणू साखळीवर अनियमितपणे विखुरलेले असल्यामुळे स्फटिकी भाग मात्र अल्प, सुमारे दहा टक्के, राहतो. घनता १.४ च्या आसपास असते. त्यामुळे पीव्हीसीचा तुकडा पाण्यात बुडतो, तर पॉलिथिलीनचा तरंगतो.

क्लोरीनचा दुसरा परिणाम आगीच्या संदर्भात दिसतो. हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो. पॉलिथिलीन जळत राहण्यास १७-१८ टक्के ऑक्सिजन पुरतो, म्हणून ते मेणबत्तीसारखे जळते. ताठ पीव्हीसीला त्यासाठी ४५ टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन लागतो; ज्योत दूर केली की ते विझते. विजेच्या तारांच्या आवरणासाठी पीव्हीसीची निवड होण्याचे हे एक प्रमुख कारण होय. ‘जळत नाही’ आणि ‘आगीत निरुपद्रवी आहे’ या दोन भिन्न गोष्टी आहेत, याकडे पुढे येऊ.

तिसरा गुण रासायनिक प्रतिकाराचा. सौम्य व मध्यम तीव्रतेची आम्ले, अल्कली व क्षार यांचा पीव्हीसीवर फारसा परिणाम होत नाही. म्हणून खारवट पाण्याच्या प्रदेशात लोखंडी पाइप काही वर्षांत गंजून जातात तेथे पीव्हीसी टिकते. टेट्राहायड्रोफ्युरान, सायक्लोहेक्झॅनोन यांसारख्या द्रावकांत मात्र ते विरघळते. हा दोष पाइप जोडताना गुण ठरतो. प्लंबर ज्याला ‘सोल्युशन’ म्हणतो ते खरे तर गोंद नव्हे. ते दोन्ही पृष्ठभाग किंचित विरघळवते, साखळ्या एकमेकींत गुंततात आणि द्रावक उडून गेल्यावर दोन तुकड्यांचा एक तुकडा होतो. म्हणूनच सांधा कोरडा व स्वच्छ असावा लागतो आणि लगेच पाणी सोडू नये, असे सांगितले जाते.

मर्यादा आहे ती उष्णतेची. सुमारे ८० अंश सेल्सिअस या काचसंक्रमण तापमानाला ताठ पीव्हीसी मऊ पडते, आणि त्यापूर्वीच त्याचे बळ घटू लागते. गरम पाण्यासाठी त्यावर अधिक क्लोरीन चढवून, म्हणजे त्याचे प्रमाण ६३ ते ६७ टक्क्यांपर्यंत नेऊन, सीपीव्हीसी बनवतात. स्नानगृहातील गिझरला जोडलेले पिवळसर पाइप याच जातीचे असतात.

मिश्रणाचे शास्त्र

शुद्ध पीव्हीसी कोणीही वापरत नाही, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. त्याला आकार देण्यासाठी १७० ते २०० अंशांपर्यंत तापवावे लागते. परंतु शंभर अंशांच्या पुढेच त्यातून हायड्रोजन क्लोराइड बाहेर पडू लागतो. एका जागेचा क्लोरीन सुटला की शेजारचाही सुटणे सोपे होते. बॅगेची चेन उघडत जावी तशी साखळी उसवत जाते. प्रथम पिवळा, मग तपकिरी आणि शेवटी काळा असे रंग त्या उसवण्याचे टप्पे दाखवितात. शिवाय बाहेर पडलेला हायड्रोजन क्लोराइड हीच क्रिया आणखी वेगवान करतो. बाउमान यांची भुकटी काळी का पडली, याचे उत्तर यात आहे.

हे रोखण्यासाठी स्थिरीकारक घालतात. ते सुटलेला हायड्रोजन क्लोराइड शोषून घेतात व कमकुवत जागा बंद करतात. दीर्घकाळ यासाठी शिशाचे क्षार वापरले गेले, कारण ते स्वस्त व अत्यंत परिणामकारक होते. त्यांखेरीज कथिलाची सेंद्रिय संयुगे आणि कॅल्शियम-जस्ताची मिश्रणे वापरतात. सूर्यप्रकाशातील जंबुपार किरणांपासून संरक्षणासाठी टायटॅनियम डायऑक्साइड आणि खर्च आवरण्यासाठी खडूची भुकटी घातली जाते. खडू मर्यादेत असल्यास हरकत नाही. मर्यादा ओलांडल्यास पाइप ठिसूळ होतो, आणि बाजारातील फार स्वस्त पाइपांचे रहस्य बहुधा या पांढऱ्या भुकटीतच असते.

नरम पीव्हीसीसाठी प्लॅस्टिकीकारक लागतात. हे तेलकट द्रव साखळ्यांच्या मध्ये शिरून त्यांना सुटे करतात. रेक्झिन, रेनकोट, तारेचे आवरण, रुग्णालयातील नळ्या हे सर्व नरम पीव्हीसीचे प्रकार होत. नव्या रेनकोटला येणारा वास आणि जुन्या रेक्झिनला जाणारे तडे यांचे एक मुख्य कारण एकच : प्लॅस्टिकीकारक साखळीला रासायनिक बंधाने बांधलेला नसतो, तो हळूहळू बाहेर पडतो.

जलवाहिनी

पीव्हीसीचे पाइप जर्मनीत १९३० च्या दशकातच घातले गेले. आपल्याकडे त्यांचा खरा प्रसार शेतीने केला. ९० मिलिमीटर बाह्य व्यासाच्या आणि ६ मीटर लांबीच्या, मध्यम दाबाच्या पीव्हीसी पाइपाचे वजन सुमारे ७ किलो भरते. तेवढ्याच कामाचा लोखंडी पाइप पन्नास किलोच्या घरात जातो. एक मनुष्य खांद्यावर दोन-तीन पीव्हीसी पाइप घेऊन बांधावरून चालू शकतो. कोरडवाहू भागात पाइपलाइन शक्य होण्यात या हलकेपणाचा वाटा किमतीइतकाच आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. आतील पृष्ठभाग गुळगुळीत असल्याने घर्षणही कमी होते. जलप्रवाहशास्त्रातील हेझन-विल्यम्स सूत्रात पीव्हीसीसाठी १५० आणि जुन्या ओतीव लोखंडासाठी सुमारे १०० हा गुणांक घेतात. त्यानुसार त्याच व्यासात तेवढेच पाणी नेताना जुन्या लोखंडी पाइपात दुपटीहून किंचित अधिक दाब वाया जातो. हा फरक शेवटी विजेच्या बिलात दिसतो.

भारतीय मानक आयएस ४९८५ मध्ये पाइपांचे दाबानुसार वर्ग ठरविले आहेत : दर चौरस सेंटिमीटरला २.५, ४, ६, ८, १० आणि १२.५ किलोग्रॅम-बल. शेतकरी यालाच ‘चार केजी’, ‘सहा केजी’ म्हणतात. पाण्याचा १० मीटर उंचीचा स्तंभ साधारण १ केजी दाब देतो. पाणी विहिरीच्या पातळीपासून ४० मीटर चढवायचे असेल, तर नुसत्या उंचीचाच दाब ४ केजी होतो. त्यात घर्षणाची भर पडते. अशा ठिकाणी चार केजीचा पाइप घालणे म्हणजे पाइप फुटण्याची वाट पाहणे होय. तरीही तो घातला जातो, कारण ९० मिलिमीटर व्यासात चार केजीच्या पाइपाची भिंत सुमारे २ मिलिमीटर आणि सहा केजीच्या पाइपाची सुमारे ३ मिलिमीटर असते. म्हणजे मालात जवळपास दीडपट फरक पडतो आणि किंमतही त्याच प्रमाणात वाढते.

याहून दुर्लक्षित बाब म्हणजे जलाघात. वाहते पाणी एकाएकी थांबले की त्याच्या वेगाचे रूपांतर दाबाच्या लाटेत होते. लाटेचा दाब पाण्याची घनता, लाटेचा वेग आणि प्रवाहाच्या वेगातील बदल यांच्या गुणाकाराइतका असतो. पीव्हीसी लोखंडाहून कितीतरी लवचीक असल्याने त्यात लाटेचा वेग सुमारे ४०० मीटर प्रतिसेकंद इतकाच असतो. पोलादी पाइपात तो हजाराच्या वर जातो. प्रवाहाचा वेग १.५ मीटर प्रतिसेकंद धरला, तर पीव्हीसीत १००० गुणिले ४०० गुणिले १.५, म्हणजे ६ लाख पास्कल, अर्थात साधारण ६ केजी दाब क्षणभर वाढतो. पोलादात तो अडीच ते तीन पटीने अधिक वाढला असता. म्हणजे पीव्हीसीची लवचिकता येथे उपकारकच आहे. परंतु मुळात ४ केजी दाब असलेल्या पाइपात ६ केजीची भर पडली, तर बेरीज १० केजी होते.

एखाद्या वेळी पाइप हे सहन करतो. मानकातील दाब पन्नास वर्षांच्या अखंड ताणाचा विचार करून ठरविलेला असतो, आणि अल्पकालीन बळ त्याहून पुष्कळ अधिक असते. प्रश्न आहे तो वारंवारतेचा. भारनियमनाच्या भागात वीज दिवसातून अनेकदा जाते-येते, स्वयंचलित स्टार्टरमुळे पंप आपोआप सुरू होतो, आणि प्रत्येक वेळी पाइपाला हा हिसका बसतो. पदार्थाला असा थकवा येत गेला की एके दिवशी, कोणत्याही विशेष कारणाशिवाय, पाइप उभा फाटतो. दोष कंपनीला दिला जातो. झटक्याने न मिटणारी झडप, चढाच्या माथ्यावर हवा बाहेर सोडणारा एअर व्हॉल्व्ह आणि एक वर्ग वरचा पाइप या तीन गोष्टी केल्या, तर यांतील बहुतेक नुकसान टळते.

उन्हाचा विचारही केला पाहिजे. पाइपावर छापलेला दाब २७ अंश सेल्सिअस तापमानाचा असतो. त्यापुढे तो कमी धरावा लागतो आणि ४५ अंशांच्या वर हे मानक लागूच होत नाही. विदर्भात मे महिन्यात सावलीतील तापमानच ४५ अंशांवर जाते. मग उघड्यावर पडलेल्या करड्या पाइपाच्या पृष्ठभागाविषयी बोलायलाच नको. शिवाय पीव्हीसीचे प्रसरण पोलादाच्या पाच-सहा पट असते. ६ मीटरचा पाइप तापमानातील ३० अंशांच्या बदलाने १२ मिलिमीटरहून अधिक लांबतो. पाइप जमिनीत गाडणे हा यावरील सर्वांत सोपा उपाय. काळ्या जमिनीत मात्र उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पावसाळ्यात माती फुगते, त्यामुळे पाइपाखाली व भोवती वाळूचा किंवा मुरमाचा थर द्यावा.

ठिबक सिंचनाविषयी एक स्पष्टीकरण आवश्यक वाटते. जळगावपासून सांगलीपर्यंत शेतांत दिसणाऱ्या काळ्या बारीक नळ्या पीव्हीसीच्या नसतात. त्या पॉलिथिलीनच्या असतात, कारण त्या गुंडाळता याव्या लागतात. ठिबकच्या संचातील मुख्य व उपमुख्य वाहिन्या बहुधा पीव्हीसीच्या असतात.

अन्य उपयोग

इमारतीतील सांडपाण्याचे नळ, विजेच्या तारांची कॉन्डुइट व केसिंग, स्नानगृहाची दारे, खिडक्यांच्या चौकटी, फरशीवर अंथरायच्या शीट्स, चपलांचे तळ अशी यादी कितीही वाढविता येईल. १९४८ साली कोलंबिया कंपनीने अमेरिकेत बाजारात आणलेली लाँग प्ले तबकडी व्हिनाइल क्लोराइड व व्हिनाइल ॲसिटेट यांच्या सहबहुवारिकाची होती. त्यापूर्वीच्या तबकड्या लाखेच्या, आणि त्या लाखेचा मोठा पुरवठा भारतातून होत असे, ही गोष्ट आपल्या इतिहासाच्या सहकाऱ्यांना रोचक वाटावी. २०२० पासून उपलब्ध असलेले आधारचे पीव्हीसी कार्ड आज अनेकांच्या खिशात आहे.

चौकाचौकांतील फ्लेक्सचाही येथे उल्लेख केला पाहिजे. फ्लेक्स म्हणजे पॉलिएस्टरच्या जाळीदार कापडावर चढविलेले नरम पीव्हीसी. दोन वेगळे बहुवारिक एकमेकांना घट्ट चिकटलेले असल्याने त्याचा पुनर्वापर अतिशय अवघड असतो. १ जुलै २०२२ पासून देशात एकदाच वापरायच्या ज्या प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी आली, त्यांत १०० मायक्रॉनहून पातळ पीव्हीसी फलकांचा समावेश आहे. बहुतेक फ्लेक्स याहून जाड असतात. वाढदिवसाच्या शुभेच्छा त्यामुळे कायद्याच्या कक्षेबाहेर राहिल्या आहेत.

रक्तपिशवीचा पेच

१९५० च्या सुमारास अमेरिकेत कार्ल वॉल्टर यांनी काचेच्या बाटलीऐवजी पीव्हीसीची रक्तपिशवी वापरात आणली. ती फुटत नाही, दाबता येते, अपकेंद्री यंत्रात फिरवून रक्ताचे घटक वेगळे करता येतात. भारतात तिरुवनंतपुरम येथील श्री चित्रा तिरुनाल संस्थेने या पिशवीचे देशी तंत्रज्ञान विकसित केले.

या पिशवीला नरमपणा येतो तो मुख्यतः डायइथिलहेक्झिल थॅलेट या प्लॅस्टिकीकारकामुळे. त्याचे प्रमाण वजनाच्या तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत असते आणि तो रक्तात उतरतो. प्राण्यांवरील प्रयोगांत नर पिल्लांच्या जननेंद्रियांच्या वाढीवर त्याचा अनिष्ट परिणाम आढळला आहे. त्यामुळे वारंवार रक्त द्यावे लागणारी नवजात अर्भके हा विशेष काळजीचा गट मानला जातो. गुंतागुंत पुढेच आहे. हेच द्रव्य तांबड्या पेशींच्या पटलात शिरून ते बळकट करते आणि साठवणीत पेशी फुटण्याचे प्रमाण घटविते. म्हणजे अशुद्धी म्हणून जे रक्तात उतरते, तेच रक्त टिकण्यास मदत करते. पर्यायी प्लॅस्टिकीकारक उपलब्ध आहेत, परंतु पेशींच्या टिकाऊपणाची बरोबरी त्यांना कष्टानेच साधते. युरोपीय संघाने वैद्यकीय साधनांतील या द्रव्याच्या वापरासाठी १ जुलै २०३० पर्यंत मुदत दिली आहे. ‘विषारी, म्हणून बंद’ इतक्या सरळ रेषेत हा निर्णय घेता येत नाही, हे विद्यार्थ्यांना समजावून देण्यासाठी याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

कामगार आणि शिसे

तयार पीव्हीसी मानवी शरीराच्या दृष्टीने बहुतांशी निष्क्रिय आहे. व्हिनाइल क्लोराइड मात्र तसे नाही. जानेवारी १९७४ मध्ये अमेरिकेतील लुइव्हिल येथील गुडरिच कारखान्यातील तीन कामगारांचा मृत्यू यकृताच्या अँजिओसार्कोमा या अत्यंत दुर्मीळ कर्करोगाने झाल्याचे जाहीर झाले. बहुवारिकीकरणाच्या टाक्यांत उतरून भिंतींना चिकटलेला थर हाताने खरवडणे, हे तेथील कामगारांचे काम असे. हा रोग इतका विरळ होता की एकाच कारखान्यात तीन रुग्ण आढळणे हाच पुरावा ठरला. त्यापूर्वी कारखान्याच्या हवेत दशलक्षांत ५०० भागांपर्यंत हा वायू चालत असे. नव्या नियमाने आठ तासांच्या सरासरीची मर्यादा १ भागावर आणली. हे परवडणार नाही, अशी ओरड उद्योगाने केली होती. प्रत्यक्षात बंद टाक्या, पाण्याच्या फवाऱ्याने सफाई आणि वाफेने उरलेला वायू काढून घेणे या उपायांनी उद्योग टिकला आणि वाढला. आज व्हिनाइल क्लोराइड मानवात कर्करोगकारक द्रव्यांच्या पहिल्या गटात गणले जाते. ३ फेब्रुवारी २०२३ रोजी अमेरिकेतील ईस्ट पॅलेस्टाइन येथे रेल्वेगाडी घसरून या द्रव्याच्या पाच टाक्या धोक्यात आल्या व नंतर ते मुद्दाम जाळण्यात आले. त्या घटनेने वाहतुकीतील जोखीम पुन्हा पुढे आणली.

आपल्याशी अधिक निकटचा प्रश्न शिशाचा आहे. शिशाचे क्षार पाइपाच्या भिंतीत बहुतांशी बंदिस्त राहतात, परंतु पृष्ठभागावरील अंश पाण्यात उतरतो. नव्या पाइपात हे प्रमाण अधिक असते व पुढे घटते. आम्लधर्मी व मृदू पाण्यात ते वाढते. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या मानकात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. बालकांच्या मेंदूच्या वाढीवर शिशाचा परिणाम अत्यल्प प्रमाणातही होतो, हे आता निर्विवाद आहे. युरोपातील उद्योगाने २०१५ अखेर शिशाचे स्थिरीकारक स्वेच्छेने बंद केले. आपल्याकडे पर्यावरण मंत्रालयाने २०२१ साली पीव्हीसी पाइप व जोडसाहित्यातील शिशाच्या स्थिरीकारकांविषयी स्वतंत्र नियम केले. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमुळे ग्रामीण घरांपर्यंत नळ नेण्याचे काम मोठ्या प्रमाणावर झाले असताना, पाइप खरेदी करणाऱ्या ग्रामपंचायतीने व संस्थेने ‘शिसेविरहित’ असा स्पष्ट उल्लेख व मानकचिन्ह पाहूनच माल घ्यावा. कॅल्शियम-जस्ताच्या स्थिरीकारकाने किंमत किंचित वाढते; मुलांच्या आरोग्यापुढे ती सबब होऊ शकत नाही.

ज्वलन, भंगार आणि पुनर्वापर

पीव्हीसी आपणहून जळत राहत नाही, पण आगीत सापडल्यास त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो. हिशेब सोपा आहे : ६२.५ भागांतून ३६.५ भाग, म्हणजे १ किलो शुद्ध पीव्हीसीतून सुमारे ५८४ ग्रॅम. हा वायू श्वसनमार्गातील ओलाव्यात विरघळून हायड्रोक्लोरिक आम्ल बनतो. तांब्यासाठी जुन्या केबल उघड्यावर जाळण्याची पद्धत अनेक शहरांच्या भंगारबाजारांत आहे. तेथे याहून वाईट गोष्ट घडते. क्लोरीन, अपुरे ज्वलन आणि उत्प्रेरक म्हणून तांबे या तिन्हींच्या संयोगातून डायॉक्सिने तयार होण्यास अत्यंत अनुकूल स्थिती निर्माण होते. आवरण सोलून काढणारे साधे यंत्र हा प्रश्न मिटवू शकते. तांबेही अधिक शुद्ध मिळते. ते यंत्र घेण्याइतके भांडवल जाळणाऱ्याजवळ नसते, एवढीच अडचण आहे.

कचऱ्यातून पीव्हीसी ओळखण्यासाठी प्रयोगशाळेत बाइलश्टाइन चाचणी करता येते. तांब्याची तार तापवून प्लॅस्टिकला टेकवावी व पुन्हा ज्योतीत धरावी. क्लोरीन असल्यास ज्योत हिरवी होते. ही चाचणी धुरकपाटातच व अल्प नमुन्यावर करावी. पाण्याची बाटली ज्यापासून बनते ते पेट आणि पीव्हीसी यांची घनता जवळजवळ सारखी असल्याने दोन्ही पाण्यात बुडतात, तेथे हा हिरवा रंगच उपयोगी पडतो. पेटच्या पुनर्वापरात पीव्हीसीचा अल्पसा अंशही संपूर्ण घाण्याचा रंग बिघडवतो, म्हणून वर्गीकरण महत्त्वाचे ठरते.

ताठ पीव्हीसी दळून पुन्हा वितळविता येते आणि तसे होतही असते. आयएस ४९८५ नुसार पिण्याच्या पाण्याच्या पाइपात कारखान्याचा स्वतःचाच स्वच्छ टाकाऊ माल मर्यादित प्रमाणात चालतो; बाहेरचे भंगार चालत नाही. हा नियम आता अधिकच महत्त्वाचा झाला आहे. मागील तीन-चार दशकांत गाडलेले, शिशाचे स्थिरीकारक असलेले पाइप यापुढे उकरले जाऊन भंगारात येत राहतील, आणि दळल्यावर त्यांतील शिसे नाहीसे होत नाही. युरोपीय संघाने २०२३ च्या नियमात अशा जुन्या ताठ पीव्हीसीला ठरावीक वस्तूंसाठी, ठरावीक मुदतीपर्यंत व शिशाच्या मर्यादेत परवानगी दिली; काही वस्तूंत तो माल नव्या पीव्हीसीच्या थराखाली झाकण्याची अट घातली. आपल्याकडे असा माल विजेच्या कॉन्डुइटमध्ये किंवा सांडपाण्याच्या नळांत जाणे त्यातल्या त्यात सुरक्षित. तो बिनमानकाच्या स्वस्त पाइपाच्या रूपाने पुन्हा विहिरीवर किंवा घराच्या टाकीवर येऊ नये, यासाठी खरेदीच्या वेळी पाइपावरील छाप वाचणे हाच सामान्य ग्राहकाच्या हातातील उपाय आहे : मानकाचा क्रमांक, दाबाचा वर्ग, बाह्य व्यास, उत्पादकाचे नाव आणि निर्मितीची तुकडी. छाप नसलेला पाइप घेऊ नये.